भोसरीतल्या कारखान्याचे सीएसआरचे १२ लाख : वस्तीतल्या मुलामुलींच्या आणि बायकांच्या नोकरीसाठी कसे लावावेत?

कास्टिंगवाला
भोसरी एमआयडीसीतला वाहनांच्या सुट्या भागांचा मध्यम कारखाना. गेल्या तीन वर्षांचा नफा ४.५, ४.८ आणि ८.७ कोटी. म्हणजे नफ्याचा ठराविक भाग समाजकामावर (सीएसआर) घालायला लावणारं कंपनी कायद्याचं कलम १३५ यंदा पहिल्यांदाच लागू. सरासरी ६ कोटी, त्याचे २ टक्के १२ लाख. संचालकांना शाळेत बाकडी नि वह्या वाटायच्या नाहीत. बालाजीनगर, लांडेवाडी, चिखली, मोशी या बाजूच्या मुलामुलींना आणि बायकांना कामाला लागता येईल असं काहीतरी हवंय. एका ओळखीच्या संस्थेने ६० शिवणयंत्रं वाटायचा प्रस्ताव दिलाय, दुसरीने माणशी ८,००० रुपयांत 'रोजगारक्षम' करून देतो म्हटलंय. प्रश्न तीन. पैसे कोणाला आणि कसे द्यायचे? तयार झालेली माणसं आमच्याच लाइनवर घेता येतील का? आणि आमच्याकडे आधीपासून कामाला असलेल्या बायकांवर यातलं काही खर्च करता येईल का?

हिशेबनीस
आधी आकडा तपासा. नफा ताळेबंदातला करोत्तर धरायचा नसतो, कलम १९८ प्रमाणे काढायचा असतो. त्यात आयकर वजा होत नाही. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी इथेच चूक होते आणि रक्कम कमी निघते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम सीएसआरमध्ये धरत नाहीत. तसंच दुसऱ्या कायद्याने जे करणं बंधनकारकच आहे तेही नाही. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर तुम्हाला द्यावंच लागतं, त्याचं बिल सीएसआरच्या खात्यावर टाकू नका. वस्तीत सगळ्यांसाठी खुलं पाळणाघर काढलंत आणि तुमच्या दोनचार कामगार बायकांची मुलं तिथे आली, तर हरकत नाही.

दुसरा प्रश्न. धंद्याचा नेहमीचा भाग असलेली कामं सीएसआर नव्हेत, आणि स्वतःच्या लाइनसाठी माणसं तयार करणं हा धंद्याचाच भाग. तेव्हा बॅच सर्वांना खुली ठेवा आणि चारपाच कारखान्यांना मुलाखतीला बोलवा. त्यातून दोघीतिघी तुमच्याकडे आल्या तर आल्या.

पहिला. संस्था नोंदणीकृत न्यास, सोसायटी किंवा कलम ८ खालची (ना-नफा) कंपनी असावी, आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी असावी, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा आणि सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला क्रमांक असावा. हा क्रमांक १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. 'अर्ज केलाय, येईलच' यावर चेक फाडू नका. रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने वेगळी सीएसआर समिती नेमायची गरज नाही, संचालक मंडळ ठराव करू शकतं.

नारायणपेठी
३१ मार्चला चेक, एप्रिलमध्ये फोटो, मे महिन्यात विसर. पुण्याच्या सीएसआरचं पंचांग. :)

हिशेबनीस
नारायणपेठी, गंमत बाजूला ठेवा, पण ते पंचांगच चुकीचं आहे. संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे खर्च झाला असं होत नाही, संस्थेने ते वापरले तरच तो खर्च. मार्चअखेर तिच्याकडे पडून असलेली रक्कम तुमच्या हिशेबात अखर्चितच असते. वर कंपनीच्या सीएफओला (वित्तप्रमुखाला) सही करून सांगावं लागतं की पैसे ठरल्या कामीच लागले. म्हणून संस्थेकडून सीएचं उपयोगिता प्रमाणपत्र मागताना त्यावर यूडीआयएन (सीएच्या प्रमाणपत्राचा पडताळणी क्रमांक) आहे का ते बघा.

वस्तीताई
शिवणयंत्रांच्या प्रस्तावावर थोडं. वाटायला येतं ते घरगुती काळं पॅडलचं यंत्र. त्यावर ब्लाउज, फॉल-पिको होतं, पण गल्लीत आधीच चार जणी तेच करत असतात. कपड्याच्या युनिटला लागतो तो हात जुकीवरचा, म्हणजे कारखान्यातल्या मोटरच्या वेगवान यंत्रावरचा. सरळ शिलाईची जुकी, ओव्हरलॉक, आणि मिनिटाला ठराविक नग काढायची सवय. पॅडलवर शिकलेली बाई जुकीवर बसली की पहिले आठ दिवस यंत्र तिच्या पुढे पळतं. पाय नुसता टेकवला तरी सुई सुटते, शिवण वाकडी जाते आणि सुपरवायझर परत पाठवतो.

शिवणकामच करायचं असेल तर ६० घरगुती यंत्रांऐवजी ८-१० जुकी एका खोलीत मांडा. सर्वो मोटरच घ्या. क्लच मोटर शिलाई चालू नसतानाही फिरत राहते आणि बिल वाढवते.

हिशेबनीस
आणि ती यंत्रं कोणाच्या नावावर? सीएसआरमधून घेतलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. सीएसआर क्रमांक असलेली संस्था, लाभार्थींचा बचत गट किंवा तसा समूह, नाहीतर सरकारी यंत्रणा, यांच्यापैकीच कोणाकडे ती असावी लागते. बचत गटाच्या नावावर असलेली बरी. संस्थेचा प्रकल्प संपला की यंत्रं टेम्पोत घालून दुसऱ्या वस्तीत नेता येत नाहीत.

लाइन_दोन
भोसरी-चाकण पट्ट्यात बायकांना खरी मागणी वायरिंग हार्नेसमध्ये (गाडीत बसणाऱ्या तारांच्या जुडग्यांच्या कामात) आहे. शिवायला नाही, तिथे तयार करा. दहावी पास चालते, काही ठिकाणी आठवीही. तीन महिन्यांच्या बॅचला काम पुरून उरतं.

शिकवायचं काय ते नेमकं सांगतो. तार कापणं, टोकाची साल काढणं, टर्मिनल (टोकाची धातूची पट्टी) क्रिंप करणं म्हणजे तारेवर दाबून बसवणं, टर्मिनल कनेक्टरच्या घरात बसवणं, बोर्डवर तारा मांडणं, टेप गुंडाळणं, शेवटी सलगता तपासणी, म्हणजे वीज या टोकापासून त्या टोकाला जाते का ते बघणं. नव्या हातांचं सगळ्यात जास्त चुकतं ते साल काढताना आणि टर्मिनल बसवताना. ब्लेड किंचित आत गेलं की तांब्याचे दोनतीन केस तुटतात. वरून दिसत नाही, क्रिंपही होतं, पण ओढ चाचणीत तार निसटते. दुसरी चूक अर्धवट बसलेलं टर्मिनल. नियम एकच, ढकल, क्लिक ऐक, मागे ओढून बघ. शॉपवर इतका आवाज असतो की क्लिक ऐकूच येत नाही, म्हणून ते ओढून बघणं बोटांना लागलं पाहिजे. प्रशिक्षण केंद्रातल्या शांत खोलीत ट्रेनी क्लिकवर विसंबायला शिकते आणि कारखान्यात पहिल्या आठवड्यात रिजेक्शन काढते. शेवटचे पंधरा दिवस खोलीत मोठ्याने आवाज लावून काम करून घ्या, हसू नका, खरंच उपयोग होतो.

क्रिंपची उंची मायक्रोमीटरने मोजतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत वाचता आलं पाहिजे. गणिताची धास्ती असलेल्या मुलींना इथे दोन दिवस जास्त द्या. लाल तारेवर पांढरी रेघ आणि पांढऱ्या तारेवर लाल रेघ, या दोन वेगळ्या तारा आहेत हे पहिल्या दिवशी सांगा, तेराव्या दिवशी परत सांगा.

आणि खुर्च्या काढून टाका. बोर्डवरचं काम उभ्याने असतं. सुरुवात एका तासाने करून महिन्याअखेर सलग चार तासांवर न्या. पहिल्या आठवड्यात नोकरी सोडणाऱ्या बऱ्याच जणींना हातातलं काम जमत असतं, पाय सुजतात म्हणून त्या येत नाहीत.

कास्टिंगवाला
एका हार्नेसवाल्या गिऱ्हाइकाकडे तारांचं भंगार भरपूर निघतं. ते फुकट मिळालं तर त्याची किंमत सीएसआरमध्ये धरता येईल?

हिशेबनीस
नाही. वस्तूरूपाने दिलेलं पैशात मोजून सीएसआर खर्च दाखवता येत नाही. तुमच्या इंजिनिअरने शनिवारी जाऊन शिकवलं, त्या तासांचंही तेच. भंगार जरूर घ्या, साहित्याचा खर्च वाचेल, फक्त तांबं आहे म्हणून वजन करून गेटपास आणि परत केल्याची नोंद ठेवा.

रुपया_आणा
माणशी ८,००० वाल्या प्रस्तावाबद्दल कोणी बोललं नाही. '८,००० कोणत्या माणशी' हे विचारा. बॅचला नाव घातलेल्या माणशी, सर्टिफिकेट मिळालेल्या, नोकरीला लागलेल्या, की सहा महिन्यांनी टिकलेल्या? खाली ३० जणींच्या तीन महिन्यांच्या हार्नेस बॅचचं नमुना अंदाजपत्रक. दर तुमच्या भागाप्रमाणे बदला, ओळी मात्र काढू नका.

प्रशिक्षक, ३०,००० × ३ : ९०,०००
वस्तीत फिरणारी कार्यकर्ती, १८,००० × ४ : ७२,०००
नोकरी लावणं आणि नंतरचा पाठपुरावा (नऊ महिने, वाटून) : ६६,०००
जागा, वीज, इंटरनेट, २५,००० × ३ : ७५,०००
तारा, टर्मिनल, कनेक्टर, टेप, १,५०० × ३० : ४५,०००
प्रवासखर्च, महिना १,००० × ३० × ३ : ९०,०००
मुलं सांभाळणारी ताई आणि खाऊ : ४५,०००
मूल्यमापन, सर्टिफिकेट : ३०,०००
कागदपत्रं, डोळे आणि रक्ताची तपासणी : १२,०००
नोकरीच्या पहिल्या महिन्याचा आधार, २,५०० × २१ : ५२,५००

एकूण ५,७७,५००. नाव घातलेल्या ३० जणींमागे १९,२५०. नोकरीला २१ लागल्या धरा, तर २७,५००. सहा महिन्यांनी १४ टिकल्या तर ४१,२५०. पैसे तेवढेच, फक्त भागाकार बदलला. ८,००० वाल्याने यातल्या कार्यकर्ती, पाठपुरावा, प्रवास, पाळणाघर आणि पहिल्या महिन्याचा आधार या पाच ओळी खोडल्या असणार. म्हणजे बॅचच्या आधीचं आणि नंतरचं सगळं, शिवाय बाई तीन महिने येऊ शकते कशामुळे तेही.

तुमच्या १२ लाखांत अशा दोन बॅच बसतात, ४५,००० उरतात.

नारायणपेठी
पण संस्थेचा प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये ना? यात तर पगारच पगार दिसतायत.

हिशेबनीस
हा गैरसमज संस्थांचा गळा आवळतो, म्हणून स्पष्ट सांगतो. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभाराला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमल, देखरेख, मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यात येत नाही. प्रशिक्षकाचा आणि पाठपुरावा करणारीचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. १२ लाखांवर कंपनीच्या कारभाराची मर्यादा ६०,०००, तेव्हा उरलेले ४५,००० तिथे बसतील. पण खरं सांगू का, ते कारभाराला न वापरता पाठपुराव्यात घाला.

वस्तीताई
रुपया_आणा यांच्या 'कागदपत्रं' ओळीला १२,००० ठेवलेत, पैसे पुरतील, वेळ पुरणार नाही. लग्न झालेल्या बाईचा शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या, पॅन नसतंच किंवा तिसऱ्याच स्पेलिंगचं. पीएफचं खातं आधारशी जुळेना की जॉइनिंग अडकतं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईने बदलू नका. आधी ठरवा कुठलं नाव कायम ठेवायचं, मग बाकीचे कागद त्याला जुळवा. विवाह नोंदणीचा दाखला बॅचच्या पहिल्या आठवड्यातच काढायला घ्या. लग्नाचा फोटो, पत्रिका, साक्षीदार गोळा करण्यातच महिना जातो.

दुसरं, बँक खातं. पुष्कळ जणींचं खातं पुरेशा केवायसीशिवाय उघडलेलं 'छोटं खातं' असतं. त्यात वर्षाला १ लाखाच्या वर जमा होत नाही, महिन्याला १०,००० च्या वर काढता येत नाही. पहिल्याच पगाराला बाई बँकेत जाते, १०,००० मिळतात, बाकीचे मिळत नाहीत आणि घरी संशय, 'पगार तेवढाच आहे की तू लपवतेस?' बॅच चालू असतानाच तीसही जणींची खाती पूर्ण केवायसीची करून घ्या.

लाइन_दोन
संशयावरून आठवलं, सॅलरी स्लिप शिकवणं हा अभ्यासक्रमातला एक पूर्ण दिवस असावा. फळ्यावर मांडा: एकूण पगार १५,०००, त्यात मूळ अधिक महागाई भत्ता १२,०००. पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४०. ईएसआय (कामगार विमा) एकूण पगारावर ०.७५ टक्के, ११३. महाराष्ट्रात बाईला महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, पुरुषाला या पगारावर २०० कापले जातात. म्हणजे तिच्या हातात १३,४४७ आणि शेजारच्या पोराच्या हातात १३,२४७. मग कँटीन आणि बस कापली जात असेल तर ती. मुलाखतीत '१५,०००' ऐकून घरी सांगितलेलं असतं, हातात साडेतेरा येतात आणि 'कंपनी पैसे खाते' म्हणून नोकरी सुटते. नवऱ्याला किंवा सासूलाही त्या दिवशी बोलवा, बाहेर बसवू नका.

ईएसआय कापला म्हणजे काय मिळतं तेही दाखवा. कुटुंबाची नावं घातली का, दवाखाना कुठला, मोहननगरचं हॉस्पिटल. हे कळलं की ११३ रुपये टोचत नाहीत.

आणि यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच. दुसऱ्या ठेकेदाराकडे गेली की तो नवीन काढून देतो, जुने पैसे तिकडेच पडून राहतात. जुना नंबर प्लास्टिकच्या कार्डावर छापून हातात द्या.

मोशीकर
बस. एवढाच माझा मुद्दा. कंपनीची बस मोशीच्या चौकात सोडते, घर तिथून दीड किलोमीटर आत. पहिल्या पाळीला पहाटे पाचला अंधारात चौकात उभं राहायचं, दुसऱ्या पाळीला रात्री साडेअकरा-बाराला तिथेच उतरायचं. कागदावर 'वाहतूक उपलब्ध'. संस्थेने नोकरी लावण्याआधी त्या वेळेला तो रस्ता चालून बघावा. एका गल्लीतल्या तिघी-चौघी एकाच पाळीला लागल्या तर निम्मा प्रश्न मिटतो. एचआर सहसा हे ऐकतो, पण जॉइनिंगच्या आधी सांगितलं तर. आणि कंपनीत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती आहे का, तिच्यातल्या बाईचं नाव नि फोन ट्रेनींना माहीत आहे का. दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला २०१३ च्या कायद्याने ती लागते. नुसती 'आहे आहे' म्हणत असतील तर तिथे मुली पाठवू नका.

रुपया_आणा
मोशीकर +१. त्यातच ठेकेदाराचा 'ब्रेक' धरा. सहासात महिन्यांनी नाव काढतात, पंधरा दिवसांनी परत घेतात किंवा घेत नाहीत. सहाव्या महिन्याचा फोन म्हणूनच महत्त्वाचा. टिकली का हे विचारून वही मिटू नका, ब्रेकनंतर कुठे लावता येईल याची यादी तेव्हा हातात असू द्या.

वस्तीताई
वयाचं कोणी बोललं नाही. हार्नेस लाइन विशी-पंचविशीतल्या मुलींना घेते, पस्तिशीच्या बाईला मुलाखतीतच परत पाठवतात. चाळिशीच्या बायका बॅचमध्ये भरून यादी पूर्ण करू नका, त्यांचे तीन महिने वाया. त्यांच्यासाठी समूहाचं काम बघा. पुण्यात याचा धडा समोर आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची, आणि तिच्यातूनच कचरावेचकांची स्वच्छ ही सहकारी संस्था. २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम बायकांनी संघटना म्हणून मिळवलं. यंत्रं, हातगाड्या, वर्गीकरणाची शेड असा खर्च समूहाच्या नावावर करता येतो, वर हिशेबनीसांनी सांगितलंच.

कास्टिंगवाला
खूप मिळालं. शिवणयंत्रं रद्द. हार्नेसच्या दोन बॅच, रुपया_आणा यांच्या अंदाजपत्रकाने. पण वेळापत्रक जुळत नाही. सहा महिन्यांचा पाठपुरावा धरला तर काम ३१ मार्चच्या पुढे जातं. आणि जर्मन गिऱ्हाइकाचं तिकडचं फाउंडेशन यात ५ लाख घालतो म्हणतंय, ते?

हिशेबनीस
फाउंडेशनचे पैसे तुमच्या सीएसआरमध्ये मिसळू नका. ते संस्थेला थेट येणार असतील तर तिच्याकडे एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी हवी, पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या नेमलेल्या खात्यातच उतरतात, आणि २०२० पासून ते पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. नोंदणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

वेळापत्रकासाठी मंडळाने पहिल्याच ठरावात हा 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करावा. सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालवता येतो. मार्चअखेर जी रक्कम उरेल ती ३० एप्रिलच्या आत त्या वर्षासाठी उघडलेल्या वेगळ्या 'अखर्चित सीएसआर' बँक खात्यात टाकायची आणि तिथून पाठपुराव्याला वापरायची. ठराव फेब्रुवारीत आठवून मागच्या तारखेने करू नका. चालू प्रकल्प नसेल तर उरलेली रक्कम सहा महिन्यांत कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या सरकारी निधीला जाते, म्हणजे चौदा जणींचा पाठपुरावा तिथेच बंद.

हप्ते असे ठेवा: करारावर ४० टक्के, बॅच संपल्यावर ३०, उरलेले ३० नोकरीच्या तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याला अर्धे अर्धे. पुरावा म्हणून पगार जमा झालेलं पासबुकाचं पान, फोटो नको. टिकलेल्यांच्या आकड्यावर सगळाच हप्ता टांगू नका, नाहीतर संस्था सोपी मुलंच निवडते, पदवीवाली, घरी दुचाकी असलेली.

वस्तीताई
पहिली बॅच गणपती उठल्यावर सुरू करा, आधी केलीत तर दहा दिवस खोली रिकामी. दिवाळीची आठ दिवसांची सुट्टी आधीच जाहीर करा. बॅच डिसेंबरअखेर संपते. दुसरी संक्रांतीनंतर, आणि ती फक्त बायकांची. त्या काळात बारावीची परीक्षा असते, मुलं-मुली निम्म्यातून जातात. वर्गाची वेळ साडेअकरा ते साडेचार. त्याआधी पाणी, डबे, मुलांची शाळा असते.

लाइन_दोन
कास्टिंगवाला, सलगता तपासणीचा बोर्ड नवीन घेऊ नका. तुमच्या त्या गिऱ्हाइकाला जुन्या मॉडेलचा बंद पडलेला बोर्ड विचारा, बल्ब आणि बझर बदलला की चालतो. फक्त त्या बोर्डाच्या कनेक्टरला जुळणारी टर्मिनलं आधी मिळतायत का ते बघा, नाहीतर बोर्ड भिंतीला टेकून राहतो.